ज्याचा टॅग त्यानंच काढायचा

ज्ञानेश बिराजदार चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये मेंटेनन्सला होता. त्या खात्यातल्या माणसाला एक खोड लागतेच. कुठंही जा, आधी तो मेन स्विच कुठं आहे ते बघतो. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, अगदी सासुरवाडीलासुद्धा. त्याची बायको स्वप्नाली म्हणायची, "अहो, लोक घरात शिरल्यावर देव्हारा बघतात. तुम्ही फ्यूज बघता."

पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कंपनीत चारशे टनांची प्रेस होती. पत्रा आत जायचा आणि गाडीचा दरवाजा होऊन बाहेर यायचा. ती बिघडली की माणसालाच आत शिरावं लागायचं. शिरण्याआधी मेन बंद करायचा आणि तिथल्या पट्टीवर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. चार जण आत, तर चार टॅग. काम संपलं की ज्यानं त्यानं बाहेर येऊन आपापला काढायचा, आणि शेवटचा निघाला की मगच मशीन चालू. ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. मॅनेजर येवो नाहीतर खुद्द मालक येवो, दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही.

हा नियम ज्ञानेश पुस्तकात शिकला नव्हता. आधीच्या एका कारखान्यात हिंदुराव नावाचे त्याचे वस्ताद होते. एका दुपारी कुणीतरी म्हणालं, हिंदुराव चहाला गेलेत, मी स्वतः बघितलं, आणि त्यांचा टॅग काढला. हिंदुराव चहाला गेले नव्हते. त्यापुढचं ज्ञानेश कधी सांगत नसे. पण गेल्या अकरा वर्षांत त्यानं दुसऱ्याच्या टॅगला बोट लावलं नव्हतं.

तर असा हा माणूस सुट्टीला समुद्रावर गेला. गेला म्हणजे काय, नेला. चिखलीत त्याच्या बिल्डिंगसमोर नौशादचं गॅरेज. नौशादची बायको जास्मिन आणि स्वप्नाली यांचं एका ताटात जेवण. जास्मिननं मोबाइलवर जाहिरात शोधून काढली: कोकणात यॉटची सफर, फक्त चार माणसं, पोहणं, स्नॉर्केलिंग, वर दुपारचं जेवण. स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. ज्ञानेश म्हणाला, "मासे बघायला आठ-नऊ तास गाडी हाकायची? मंडईत जा की." पण दोघी ऐकतात कुठल्या! जानेवारीत तीन दिवसांची रजा निघाली. त्यांची सहा वर्षांची मुलगी दिव्या हिला पाण्याची भीती, म्हणून स्वप्नालीची आई, सुभद्राबाई, औशाहून येऊन तिच्यापाशी राहिल्या.

मालवणच्या अलीकडच्या एका लहान बंदरावर बोट लागली होती. पांढरीशुभ्र, वर छप्पर, पुढच्या बाजूला निळ्या गाद्या. "ही यॉट?" नौशाद म्हणाला. "भावा, आपल्याकडं हिला सोफा म्हणतात." बोट चालवणारा तांडेल पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्याबरोबर पाण्यात उतरणारा एक गाईड, त्याच्या मनगटाला व्हिडिओचा छोटा कॅमेरा. बस, एवढीच माणसं.

किनाऱ्यापासून बरंच आत, एका बुडालेल्या खडकापाशी त्यांनी बोट थांबवली. तिथं एक जाड दोरी तळापर्यंत गेलेली होती, वर नारिंगी पिंप तरंगत होतं. पाणी हिरवट, स्वच्छ. गाईडनं खुणा शिकवल्या. सगळं ठीक असेल तर बोटाचं आणि अंगठ्याचं गोल. वर यायचं असेल तर अंगठा वर. "अंगठा म्हणजे मस्त नाय हां," तो म्हणाला. "अंगठा म्हणजे मला वर घ्या."

स्वप्नालीला पोहता येत नव्हतं. घरी उड्या मारणारी ही बाई आता लाइफ जॅकेटचे पट्टे तिसऱ्यांदा तपासत होती. हसत होती, पण ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा ज्ञानेशनं पिशवीतून चार लाल टॅग काढले. कंपनीतले जुने, कोरे. त्यानं ते येतानाच घेतले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. चौघांची नावं लिहिली आणि शिडीशेजारच्या कठड्याला तार बांधून एकेक अडकवला.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला. "हा तुझा. तू वर येऊन स्वतः काढल्याशिवाय या बोटीचं इंजिन चालू होणार नाही. मी होऊ देणार नाही. आणि खाली काहीही झालं तरी ती दोरी सोडायची नाही. मी सांगेपर्यंत नाही."

"अरे देवा, इथं पण सेफ्टी!" नौशाद कपाळाला हात लावून म्हणाला.

पण स्वप्नालीनं टॅगवरचं आपलं नाव एकदा वाचलं, मान हलवली आणि शिडीवर पाय ठेवला. नवऱ्याच्या त्या खोडीवर आयुष्यात पहिल्यांदा ती खूश होती.

पाऊण तास मजेत गेला. ज्ञानेशनं निळे-पिवळे मासे बघितले आणि मंडईचं बोलणं मनातल्या मनात मागं घेतलं. स्वप्नाली दोरीला धरून पालथी तरंगत होती. दोनदा त्यानं तिच्याकडं बघितलं, दोनदा तिनं बोटांचं गोल करून दाखवलं.

मग वारा फिरला. पाणी हिरव्याचं राखाडी झालं, बोट हेलकावे खाऊ लागली. तांडेल वरून ओरडला, "चला, चला! वारो फिरलो, निघाक व्हया!" घाई झाली. ज्ञानेश शिडीशी आला तेव्हा गाईड आधीच वर गेला होता, नौशाद वर चढत होता, जास्मिन त्याच्या मागं. लाट तोंडावर येऊन त्याच्या नाकात पाणी गेलं. खोकत खोकत तो वर आला, आपला टॅग काढला, मुठीत धरला आणि पाहिलं तर स्वप्नाली पुढच्या गादीवर बसलेली होती. टॉवेल अंगाभोवती, पाठ इकडं. त्याचा जीव भांड्यात पडला.

तारेवर एकच टॅग राहिला होता.

"स्वप्ना, टॅग काढ गं तुझा."

तिनं मान वळवली नाही. "तुम्हीच काढा ना," ती म्हणाली. आवाज तिचाच, दमलेला.

"सायबानू, काय चाललाहा तुमचा?" तांडेलाचा हात चावीवर होता. बोट खडकाकडं सरकत होती.

ज्ञानेशचा हात तारेजवळ थांबला. फार नाही, तीन-चार सेकंद. बायको डोळ्यांसमोर बसलीय, बोलतेय. मग नियम कसला धरून बसायचा? माणसानं इतकंही यंत्र होऊ नये. त्यानं टॅग काढला. इंजिन चालू झालं.

परतीच्या वाटेवर, घाट चढताना, जास्मिन पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाली, "ज्ञानेशभाई, बरं झालं तुम्ही स्वप्नाला आधी वर घेतलंत. मी तर फार घाबरले होते."

"मी नाही घेतलं," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्ही दोघांनी."

नौशादनं आरशातून त्याच्याकडं बघितलं. "आम्ही चढलो तेव्हा ती बसलेलीच होती, भावा."

"गाईडनं घेतलं असेल," ज्ञानेश म्हणाला. स्वप्नाली त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

आता, घरी आल्यावर काय बिघडलं म्हणाल, तर काहीच नाही. हेच तर अवघड होतं. स्वप्नाली उठत होती, डबा करत होती, दिव्याची वेणी घालत होती. वरणात मीठ बरोबर. भांडण नाही, तंटा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ज्ञानेशच्या लक्षात आलं की दोरीवरचे कपडे दोन दिवस तसेच आहेत. "काढले नाहीस?" "तुम्ही काढता का जरा?" ती म्हणाली. त्यानं काढले. मग किल्ली. मग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचा झारा. दिव्याचं दप्तर. जे जे म्हणून कुठं अडकवलेलं असेल, ते ती स्वतः काढत नव्हती. रागानं नाही, आळसानं नाही. खाली उभी राहायची आणि कुणी येईपर्यंत वाट बघायची. एकदा तो सेकंड शिफ्टहून लवकर आला, तर ती गॅसजवळ उभी, तव्यावर चपाती करपून काळी झालेली आणि सांडशी समोर खिळ्याला. किती वेळ उभी होती देव जाणे.

"अगं, हात पुढं कर की!"

"काढून द्या ना," ती म्हणाली, गोड आवाजात.

त्यानं स्वतःला समजावलं की समुद्राची धास्ती घेतलीय, होईल बरी. रहाटणीच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नाडी, रक्तदाब, सगळं बघितलं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. दिव्याला तर काहीच फरक पडला नव्हता. ती पूर्वीसारखीच आईच्या गळ्यात पडत होती, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं.

दहाव्या दिवशी सुभद्राबाईंनी पिशवी भरली. त्या महिनाभर राहायला आल्या होत्या. ज्ञानेश त्यांना एसटीला सोडायला गेला. स्टँडवर गाडीला वेळ होता. त्या बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसल्या.

"ज्ञानेशराव, एक इच्चारू का? राग येऊ देऊ नका."

"विचारा की, मामी."

"ती जेवायली, बोलायली, समदं नीट करायली. मला आई म्हणायली. मी कशाला नाव ठिवू?" त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. "पर माझी लेक कवा येणार हाय?"

त्यानं त्यांची पिशवी उचलली. एसटी आली. त्यांनी खिडकीतून हातसुद्धा हलवला नाही.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. कामावर चित्त लागेना. प्रेसच्या पट्टीवरचे लाल टॅग दिसले की तळहाताला घाम फुटायचा. तेच तीन-चार सेकंद पुन्हा पुन्हा समोर यायचे: वारा, तार, त्यावर तिचं नाव, आणि त्याचा हात. नियम साधा होता. टॅग लागलेला आहे म्हणजे माणूस आत आहे. बाहेर कोण बसलंय, कोण बोलतंय, याचा नियमाशी संबंध नाही. अकरा वर्षं तो हेच नव्या पोरांना शिकवत आला होता. पण मग करायचं काय? चौकीत जाऊन सांगायचं, बायको हरवली? कुठं हरवली? समुद्रात. आणि ही घरात बसलीय ती कोण? बायको. लोकांनी त्याला येरवड्याला नेऊन सोडलं असतं.

सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, गाईडचा मेसेज आला. 'सर सॉरी, उशीर झाला. त्या दिवशी घाईत कॅमेरा खाली दोरीलाच अडकून राहिला होता. दुसऱ्या दिवशी काढला. मी पूर्ण बघितला नाही, पण मॅडमचा व्हिडिओ छान आलाय.'

घरात बघायची हिंमत त्याला झाली नाही. तो खाली उतरला, रस्ता ओलांडून नौशादच्या गॅरेजमध्ये गेला. नौशाद एका बाइकचं कार्बोरेटर साफ करत होता. ज्ञानेशचा चेहरा बघून त्यानं हात पुसले आणि शटर अर्धं खाली ओढलं.

दोघं टायरवर बसले. कॅमेरा पाण्याखाली दोन-तीन फुटांवर होता, तोंड वर. दोरी, तिच्या शेवटाला पिंपाचा गोल बुडखा, आणि दोरीला धरलेली स्वप्नाली. नारिंगी जॅकेट, काचेचा चष्मा, तोंडात नळी. बाजूला बोटीचा पांढरा तळ आणि शिडीवर चढणारे पाय.

"हा मी," नौशाद म्हणाला. "ही जास्मिन."

मग तिसरे पाय. ते ज्ञानेशचे.

स्वप्नाली दोरीलाच होती.

शिडी वर गेली. तळ थरथरला. पाण्यात फेस उठला आणि बोट चौकटीतून निघून गेली.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

ती ओरडली नाही. तिनं मान वळवून बोट गेली त्या दिशेला बघितलं. मग दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरली. नवऱ्यानं सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत सोडायची नाही.

पुढची चाळीस मिनिटं तेवढंच होतं. पाणी काळसर होत गेलं. ज्ञानेशनं व्हिडिओ पुढं ढकलला नाही. एकदाही नाही.

मग ती खाली येऊ लागली. दोरीवरून, एका हाताखाली दुसरा हात, सावकाश. लाइफ जॅकेट घातलेला माणूस बुडत नाही. ओढलं तरी वर येतो. ती जॅकेटसकट खाली येत होती.

तिचा चेहरा कॅमेऱ्याशी आला. नळी तोंडात नव्हती. डोळे उघडे होते, आणि घाबरलेले होते, आणि ओळखीचे होते. असे डोळे त्यानं सोळा दिवसांत पाहिले नव्हते.

तिनं एक हात सुटा केला. अंगठा वर केला. कितीतरी वेळ तसाच धरला.

मग ती कॅमेऱ्याच्या खाली गेली. दोरी मात्र ताणलेलीच राहिली, बॅटरी संपेपर्यंत.

ज्ञानेशला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं. "मी सोडून आलो रे तिला. माझ्या हातानं काढला मी."

नौशाद उठून शटरपाशी गेला. समोर दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत, स्वप्नाली उभी होती. वाळलेल्या कपड्यांखाली, हात खाली सोडून. त्यानं शटर पूर्ण बंद केलं.

"तांडेलाला फोन लाव," तो म्हणाला.

तांडेलानं सहाव्या रिंगला उचलला. ज्ञानेशला काय विचारावं कळेना. शेवटी म्हणाला, "ती दोरी... त्या खडकापाशी आपण थांबलो होतो, ती आहे अजून?"

तांडेलानं उलट विचारलं, "तुमका कोणी सांगितला?"

"काय?"

"दोरी जड झाली हा. पंधरा दिवस झाले, वर येणा नाय. चार जणांनी ओढली, इंजिन लावून बघितली. गाईड खाली जाऊन इलो, थंय काय नाय म्हणता. पण दोरी ताठ." तो खाकरला. "उद्या सकाळी कापून टाकतलों. दुसऱ्या बोटींका त्रास."

"कापू नका!" ज्ञानेश ओरडला. "हात लावू नका कुणी. मी निघालोय. रात्रीपर्यंत येतो."

तांडेलानं का म्हणून विचारलं नाही. "या," एवढंच म्हणाला. "सकाळी आठपर्यंत थांबतंय."

नौशादनं गाडीची किल्ली घेतली. "डिझेल भरून येतो. तू वर जा, कपडे घे. आणि दिव्याला घे. तिला इथं ठेवायची नाही."

ज्ञानेश जिना चढू लागला. सोळा दिवसांत पहिल्यांदा त्याला काय करायचं ते माहीत होतं. जाऊन दोरी धरायची आणि तिला सांगायचं, सोड आता, मी आलोय. पुढचं पुढं.

दार उघडंच होतं. दिव्या बैठकीत चित्र रंगवत होती. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता.

"दिव्या," तो हळू म्हणाला, "चप्पल घाल. आपल्याला नौशादकाकांबरोबर जायचंय."

पोळपाटाचा आवाज थांबला.

"तिला कशाला नेता?" स्वप्नाली आतून म्हणाली. "पाण्याला भिते ती. राहू द्या माझ्यापाशी."

तो दारात उभा राहिला. कुठं जायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं. ती पाठमोरी बसली होती, बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत पीठ. शेजारी मोठा डबा घासून, पुसून तयार होता. चपात्यांची चळत केव्हाची चालू असावी, खालच्या गार झाल्या होत्या.

"उपाशी जाऊ नका," ती म्हणाली. "जाताना दोघं, येताना तिघं. आणि तिकडं तिनं तर किती दिवसांत काही खाल्लेलं नाही."

एवढं बोलून तिनं अजून दोन मुठी पीठ परातीत घेतलं.